शनिवारवाड्यावर एआर करायला गेले आणि दोर घेऊन परत आले

मागच्या ऑगस्टमध्ये मावशीचा फोन आला. मावशी इतिहासाची बाई, चौतीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झाली, नारायण पेठेत राहते, आणि रिटायर झाली तरी जुन्या शाळेच्या सातवीच्या पोरांना दरवर्षी शनिवारवाड्यावर न्यायचं काम काही तिने सोडलेलं नाही. म्हणाली, "अगं, ते तुझं फोनमधून टेबलावर डायनासोर उभा करतेस ना, तसा वाडा उभा करता येईल का?" यालाच एआर म्हणतात, ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या जागेवर कॉम्प्युटरचं चित्र आणून बसवणं. मी म्हटलं हो येईल की, त्यात काय. त्यात काय होतं ते पुढचे साडेचार महिने मला कळत राहिलं.

मी गेमसाठी थ्रीडी मॉडेल्स बनवते, म्हणजे झाडं, खुर्च्या, तलवारी, कुणाच्या तरी गेममधली पडकी घरं. त्यामुळे वाडा बनवणं हा अवघड भाग नाही असं मला वाटत होतं. आणि गरज तर मला मनापासून पटलेली होती, कारण आमच्याही शाळेची सहल तिथेच गेली होती. दिल्ली दरवाज्यातून आत शिरताना सगळे जाम एक्साइटेड, त्या दारावरचे हातभर खिळे बघून, आणि आत गेलं की हिरवळ, दगडी जोती, चार तोफा. सर सांगतायत इथे सात मजले होते, आम्ही मान वर करून बघतोय तर घार. मग सगळ्यांचा एकच प्रश्न, सर नारायणराव कुठे पळाले.

तर ठरलं. मी बसून यादी केली, नऊ स्टॉप. दरवाजा, नगारखाना, हजारी कारंजे, गणेश रंगमहाल, आरसेमहाल, मेघडंबरी, आग, असं करत करत नऊ. (शेवटी तीन उरले, ते पुढे येईल.)

आधी टेक्निकल रडगाणं गाऊन घेते, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी दोन पॅरा उडी मारा. रोनाल्ड अझुमा म्हणून एक संशोधक आहे, त्याने १९९७ साली एआरच्या तीन अटी लिहून ठेवल्यात: खरं आणि खोटं एकत्र दिसलं पाहिजे, ते त्याच क्षणी आपल्याला प्रतिसाद देणारं पाहिजे, आणि खोटी वस्तू खऱ्या जगात आपल्या जागी पक्की बसली पाहिजे. पहिल्या दोन आता फोनमध्ये फुकट मिळतात, अँड्रॉइडला एआरकोअर, आयफोनला एआरकिट, मी युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, काम करते तर दोन्हीला एकच कोड चालतो. माझे दोन महिने गेले ते तिसऱ्या अटीत. टेबलावरचा डायनासोर चार इंच सरकला तर कुणाला कळत नाही, पण जोत्यावरचा खांब चार इंच सरकला तर तो हवेत उभा दिसतो आणि सातवीतल्या पोराला ते पहिल्या सेकंदाला दिसतं.

पहिला प्रयत्न जीपीएसचा. जीपीएस उघड्यावरसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे करतं, त्यामुळे माझा गणेश रंगमहाल एकदा हजारी कारंज्यात उभा राहिला आणि एकदा तटाबाहेर, बसस्टॉपच्या बाजूला. मग गुगलची एक सोय आहे, कॅमेऱ्याला जे दिसतं ते स्ट्रीट व्ह्यूच्या फोटोंशी जुळवून जागा शोधते, आणि स्ट्रीट व्ह्यू पुण्यात २०२२ पासून आहे, तर ती लावून बघितली. दरवाज्याबाहेरच्या पटांगणात झकास चाललं. आत गेलं की बोंब, कारण ती फोटो काढणारी गाडी काही दिल्ली दरवाज्यातून आत गेलेली नाही. मग ठरवलं कार्ड छापू, फोनने कार्ड ओळखायचं आणि त्याच्या जागेवरून वाडा उभा करायचा. पण संरक्षित स्मारक आहे, भिंतीला जोत्याला काही चिकटवायचा प्रश्नच नाही आणि चिकटवूही नये. कार्ड जमिनीवर ठेवलं तर वाऱ्याने उडतं. मग मी शेजारच्या काकूंच्या ओमला उभा केला कार्ड हातात धरून. फोन धरला, रंगमहाल आला, काय सुंदर आला, आणि ओमला शिंक आली.

सगळा रंगमहाल शिंकला.

शेवटी जे चाललं ते अगदीच गावठी आहे. स्क्रीनवर हजारी कारंज्याच्या कडेची पिवळी रेघ दाखवायची, मुलाने ठरलेल्या जागी उभं राहून ती रेघ खऱ्या कडेवर आणून बसवायची आणि बटण दाबायचं. तिथून पुढे फोन आजूबाजूच्या दगडांच्या खाचा, सांधे, डाग असले बारीकसारीक ठिपके पकडून आपण किती हललो ते मोजत राहतो. दगडावर ठिपके भरपूर मिळतात, नुसत्या हिरवळीवर मिळत नाहीत, सगळं सारखंच दिसतं ना. त्यामुळे हिरवळीवरून तीस-चाळीस पावलं चाललं की मॉडेल हळूच सरकायला लागतं. म्हणून प्रत्येक स्टॉपला परत रेघ जुळवायची. गंमत म्हणजे ही रेघ जुळवण्याची कटकटच पुढे सगळ्यात उपयोगाची निघाली, कारण जुळवायला पोरांना दगडाकडे नीट बघावं लागतं.

मोजमापासाठी मी जोत्यांचे हाताने फोटो काढले, एकावर एक येतील असे शेकडो, आणि त्यातून सॉफ्टवेअरने थ्रीडी आकार काढला. ढगाळ सकाळ निवडली, ऊन असलं की सावल्या पण दगडाला चिकटून येतात. ट्रायपॉड न्यायचा नाही, त्याला परवानगी लागते, ड्रोनचं तर नाव काढू नका. पहिल्या वेळी मॉडेलमध्ये जोत्यावर एक गुलाबी ढेकूळ आलं, दोन दिवस मला कळेना काय आहे, नंतर लक्षात आलं ती एक मुलगी होती, पूर्ण वेळ तिथेच बसून रील काढत होती.

आता मॉडेलिंग. इथे माझी आणि मावशीची खरी जुंपली.

हजारी कारंज्याचा पाया आहे, सोळा पाकळ्यांचं कमळ समोर दिसतंय, त्यामुळे ते सोपं. मी पाणी सोडलं, मस्त उंच. मावशीने बघितलं आणि म्हणाली, "एवढं उंच उडायचं?" मी म्हटलं छान दिसतं. "छान दिसतं ते ठीक आहे, उडायचं का?" मी पाणी निम्मं केलं, तेही अंदाजानेच.

मग सात मजले. मी सातही मजले चढवले, वर मेघडंबरी, सोनेरी कळस, झरोके, झुंबरं, पडदे उडतायत, आणि रात्री दीड वाजता तिला व्हिडिओ पाठवला. सकाळी उत्तर आलं, "हे कुठल्या सिरियलमधलं?" मला इतका राग आला, तीन आठवड्यांचं काम होतं. पण दुपारी तिच्याकडे गेले तेव्हा तिने चहा ठेवला आणि एकेक खिडकीवर बोट ठेवून विचारत बसली, ही कशावरून, ही कशावरून. आणि माझ्याकडे उत्तर एकच, इंटरनेटवरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी थ्रीडी मॉडेलवरून. त्याने कशावरून केलं? देव जाणे.

मग तिने मला बसवून सांगितलं की खात्रीचं काय आहे. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२, दोन्ही दिवशी शनिवार. खर्च १६,११० रुपये. लाकूड जुन्नरकडचं सागवान, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरी भागातला. १७ नोव्हेंबर १८१७ ला बाळाजीपंत नातूने वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली, सात दिवस जळत होता, दगडाचं आणि विटांचं होतं तेवढं राहिलं. आणि सात मजल्यांचं खात्रीचं चित्र? तिने हात झाडले.

रंगमहालाचं मात्र एक आहे. सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७९० चा तह करतोय असं मोठं तैलचित्र आहे, लंडनच्या टेटमध्ये असतं. मला वाटलं चला, पुरावा मिळाला. तर मावशी म्हणाली, थांब. चित्र रंगवलं थॉमस डॅनियलने, १८०५ साली, विलायतेत. तो त्या दरबारात नव्हताच. त्याने वापरली जेम्स वेल्सची स्केचेस, आणि वेल्स वारला १७९५ ला. "म्हणजे एकाने बघून काढलेलं दुसऱ्याने दहा वर्षांनी रंगवलं. घ्यायचं, पण चिमटीत धरून घ्यायचं." सुरूच्या आकाराचे लाकडी खांब मी विश्रामबागवाड्याच्या सज्जाचे फोटो काढून बनवले होते, त्यावरही आक्षेप, तो दुसऱ्या बाजीरावाचा, बराच नंतरचा. मी म्हटलं मावशी, मग मी दाखवू तरी काय, नुसती हिरवळ?

दोन दिवस बोललो नाही. मग मलाच शोधताना लंडन चार्टर सापडली, २००९ ची आवृत्ती, जुन्या वास्तूंची कॉम्प्युटरवर चित्रं करणाऱ्यांनी काय पाळावं याचे नियम. त्यात म्हटलंय की कुठलं पुराव्याने आहे आणि कुठलं अंदाजाने आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. बास, मावशी जे चहा पिता पिता म्हणत होती तेच, फक्त इंग्रजीत. मग मी तीन कपडे शिवले मॉडेलला. जे आज उभं आहे किंवा ज्याचा पाया आहे ते दगडाच्या रंगात. ज्याला चित्राचा आधार आहे ते पेन्सिलने काढल्यासारखं. आणि जो निव्वळ अंदाज आहे तो पांढरा, आरपार दिसणारा, धुक्यासारखा. सोन्याचा कळस गेला. मनातून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

ट्रायल घेतली सोसायटीतल्या आठ पोरांवर, दिवाळीच्या सुट्टीत, दुपारी साडेबाराला, आणि ती दाणकन आपटली. उन्हात स्क्रीन दिसेना. फोन तापले, तापले की ब्राइटनेस आपोआप कमी होतो, म्हणजे हवा तेव्हाच अंधार. घरून गोळा केलेल्या जुन्या फोनपैकी दोनांवर एआर चालतच नव्हतं, हे मी आधी बघायला हवं होतं, नाही बघितलं. एक मुलगा स्क्रीनमधल्या जिन्यावर चढायला गेला आणि खऱ्या जोत्यावरून खाली उतरला, गुडघा फुटला, त्याच्या आईला काय सांगायचं ते मी रिक्षात पाठ करत होते. पण खरा धक्का भेळ खाताना बसला. मी विचारलं, काय काय बघितलं? आठपैकी सहा म्हणाले, पाणी उडत होतं. ज्याच्यातून ते उडत होतं त्याला पाकळ्या किती, कुणाला माहीत नाही. एवढं सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ समोर असताना पोरं पाच इंचाच्या स्क्रीनमधलं बघून आली. हे तर घरी सोफ्यावर बसून पण झालं असतं.

म्हणून सगळं उलटं केलं. नऊचे तीन स्टॉप: कारंजं, रंगमहाल, आग. फोन तापू नयेत म्हणून सकाळी वाडा उघडल्या उघडल्या. प्रत्येक स्टॉपला आधी डोळ्यांनी काम, पाकळ्या मोजा, जोत्याची लांबी पावलांनी मोजा, वर काय असेल त्याचा अंदाज वहीत काढा. मग फोन, चाळीस सेकंद. मग फोन आपोआप काळा होतो आणि मावशीचा आवाज येतो, "आता फोन खाली." हा आवाज मी मुद्दाम तिचाच रेकॉर्ड केला, त्या आवाजाला नाही म्हणणारं पोर मी अजून बघितलं नाही. चालताना कॅमेरा बंद. आणि सगळं अॅपमध्येच भरलेलं, नेट लागत नाही, कारण गर्दीत नेटचा भरवसा नाही. पाण्याचे हजारो थेंब काढून टाकले, साध्या हलत्या चित्रांच्या पट्ट्या लावल्या, फोन लगेच गार.

(याच्या आधी जगात कुणी केलंय का हे बघताना कळलं की ग्रीसमध्ये ऑलिम्पियाच्या अवशेषांवर २००१ च्या सुमारास असाच प्रयोग झाला होता, त्यात माणसाच्या पाठीवर लॅपटॉप आणि डोळ्यांवर जाडजूड चष्मा. आपलं बरं म्हणायचं.)

डिसेंबरात सहल. अ तुकडी फोनवाली, बेचाळीस मुलं, सात फोन, सहा-सहाचे गट. ब तुकडीच्या दिवशी मला डेडलाइन होती, तर मावशी म्हणाली, तू नको येऊस, मी माझ्या पद्धतीने नेते.

अ तुकडीचं छान झालं, अपेक्षेपेक्षा छान. रेघ जुळवताना पोरं एकमेकांवर ओरडत होती, अरे डावीकडे घे, ती फुटलेली कड बघ ना. रंगमहालाला एक मुलगी म्हणाली, "ताई, जे पांढरं आहे ते तुम्हाला माहीत नाही म्हणून पांढरं आहे ना?" मी हो म्हटलं. तर म्हणाली, "मग वरचं सगळंच पांढरं आहे." मी मावशीकडे बघितलं, मावशी आकाशाकडे बघत होती, पण हसत होती.

आगीच्या स्टॉपला मी ज्वाळा दाखवल्या नाहीत. सात वेळा बोट टेकवायचं, दर वेळी एक दिवस जातो, वरून एकेक मजला पुसला जातो, सातव्या वेळेला स्क्रीनवर फक्त जोती उरतात आणि फोन काळा. मजले दिवसाला एक असे हिशोबाने जळले नसणार हे आधीच सांगितलं होतं. पोरांनी फोन खाली केला तर समोर तीच जोती. गटात दोन मिनिटं कुणी बोललं नाही, आणि सातवीच्या वर्गाबद्दल बोलतेय मी.

नारायणरावांचा प्रश्न अर्थात आलाच, आणि अमावस्येच्या रात्रीचा पण. फोनमध्ये का नाही दाखवलं, म्हणून एकजण नाराज. मावशीने एवढंच सांगितलं, ३० ऑगस्ट १७७३, वय नुकतंच अठरा पूर्ण. "तुमच्यातल्या कुणाचा मोठा दादा अठराचा आहे?" पाच-सहा हात वर झाले आणि हळूहळू खाली आले.

सोलापूरकडच्या एक आजी घरच्यांबरोबर आल्या होत्या, त्या एका गटाजवळ थांबल्या, "काय दिसतंय रं त्यात?" तर पोरांनी फोन त्यांच्या हातात दिला आणि मग सहाजण एकदम समजावायला लागले, हे पेन्सिलचं म्हणजे चित्रावरून, हे पांढरं म्हणजे अंदाज. आजींना स्क्रीनमधलं फार काही दिसलं नाही बहुतेक, पण त्या दहा मिनिटं ऐकत होत्या. मला वाटतं त्या गटाची परीक्षा तिथेच झाली.

आता ब तुकडी. मावशीने त्यांना नेलं ते फक्त सुताच्या जाड दोराचं एक वेटोळं घेऊन. आधी सगळ्यांना तटावर चढवलं, वरून जोती नकाशासारखी दिसतात. मग खाली आणून रंगमहालाच्या जोत्यापाशी पोरांनाच खांब म्हणून उभं केलं, दोर त्यांच्या हातातून फिरवला, झाली खोली. उरलेल्यांनी दरबारी होऊन आत यायचं, मॅलेटसाहेब कुठून येईल, पेशवे कुठे बसतील. खांबांना हलायचं नाही.

आठवड्याने दोन्ही तुकड्यांकडून वाड्याचं चित्र काढून घेतलं, न सांगता. मी सगळी चित्रं मावशीच्या दिवाणावर पसरली. अ तुकडीची चित्रं उंच होती. मजले, खांब, वर वर पुसट होत गेलेलं, काहींनी तर पांढरा खडू वापरलेला. पण खाली कुठली खोली कुठे, कारंजं कोणत्या बाजूला, याचा पार गोंधळ. ब तुकडीची चित्रं बुटकी, पण जागा बरोबर, एकाने तर स्वतःचं नाव लिहिलं होतं ज्या खांबाच्या जागी तो उभा होता तिथे. मी अर्धा तास गप्प बसले. साडेचार महिने एका बाजूला आणि दोर एका बाजूला. शिवाय माझ्या तुकडीला नव्या खेळण्याचा आनंद होता तो वेगळा, तो दुसऱ्या वेळेला ओसरणारच.

मावशी म्हणाली, "रडू नकोस, उंची मला दोराने नाही दाखवता आली." मला राग आला, पण बोलली ते खरं होतं. चौतीस वर्षं ती सात मजले सांगत होती आणि पोरं वर घारच बघत होती.

तर आता नवीन व्हर्जन असं आहे. आधी तट, मग दोर, पोरं खांब होऊन उभी राहणार, आणि त्यानंतरच फोन, तोही फक्त वर बघायला. मॉडेलमधला खालचा मजला मी पूर्ण काढून टाकला. त्या जागी खरी पोरं दिसतात आणि त्यांच्या डोक्यावरून खांब सुरू होऊन वर जातात. कुणी हललं की खांब पाय सोडून उभा, मग बाकीचे त्याला शिव्या घालतात. पोरांच्या मागे आणि पुढे काय दिसावं हे फोनला अजून नीट कळत नाही, कधीकधी खांब एखाद्याच्या नाकातून निघतो, त्यावर काम चालू आहे.

मावशीला विचारलं, पुढच्या वर्षी पाताळेश्वर करूया का, जंगली महाराज रस्त्यावर, जवळच आहे. तर म्हणाली, "तिथे कशाला फोन? कातळातलं लेणं आहे, सगळं जागेवर आहे." मग थोडं थांबून म्हणाली, दोर मात्र अपुरा पडला, अजून वीस फूट लागेल, बोहरी आळीत जाशील तेव्हा घेऊन ये, नायलॉनचा नको, हाताला कापतो.